पार्वोतून वाचलेले पिल्लू घरी आले, आता पुढे?

कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो झाला आणि चार-पाच दिवसांच्या सलाईननंतर ते उठून उभे राहिले, की घरच्यांना वाटते संकट टळले. पशुवैद्यक ‘घरी न्या’ म्हणतात तेव्हा संकट अर्धेच टळलेले असते. उलटी थांबली, दोन घास पोटात टिकले, शेपटी हलली, एवढ्यावर पिल्लाला सोडतात. आतडे मात्र आतून सोलवटलेलेच असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुरत्या भरून आलेल्या नसतात आणि विष्ठेतून विषाणू बाहेर पडतच असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात काय होते, यावर त्या पिल्लाचे आणि गल्लीतल्या इतर पिल्लांचेही बरेच काही ठरते.

मी माणसांचा डॉक्टर, तेव्हा कुत्र्यांवर मी का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. कारण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा विषय दर हिवाळ्यात येतो. गावातल्या कुत्र्या पावसाळा सरल्यावर वितात, थंडीत गल्लोगल्ली पिल्ले दिसतात आणि त्यातले एखादे मुले घरी उचलून आणतात. गोंदियाजवळच्या नागऱ्याचे, शिवमंदिराच्या आणि महाशिवरात्रीच्या यात्रेच्या गावचे, एक गृहस्थ असेच मुलीचा ताप दाखवायला आले होते. मुलीला तपासून झाल्यावर ‘आणखी एक होतं जी’ म्हणत त्यांनी खिशातून पिल्लाच्या औषधांची चिठ्ठी काढली. पिल्लाला ओआरएस पाजू का? ताप वाटला तर मुलीचेच औषध थोडे देऊ का? अंगणात फिनाइल टाकले तर चालेल का? आणि शेवटी आवाज खाली आणून, हा रोग मुलीला तर लागणार नाही ना? बाहेर रांग होती, मी दोन वाक्यांत उत्तरे दिली. हे प्रश्न दोन वाक्यांचे नाहीत. उपचाराचा निर्णय पशुवैद्यकाचाच, हे गृहीत धरून घरात करायच्या गोष्टींबद्दल इथे सविस्तर लिहितो.

हा विषाणू फार जुना नाही. १९७८ च्या सुमारास तो कुत्र्यांमध्ये अचानक दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांमध्ये असाच एक जीवघेणा रोग करणारा विषाणू आधीपासून होता. त्याच्याच जवळच्या नात्यातला हा, थोडा बदलून कुत्र्यांच्या पेशींत शिरायला शिकलेला. भारतात मद्रासच्या पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याची नोंद केली. आपल्या विदर्भात २०२२ च्या जानेवारीत अमरावतीतल्या पिल्लांमधल्या साथीच्या बातम्या अनेकांनी वाचल्या असतील.

पऱ्ह्यांवरच घाला

आपल्याकडे लहान मुलांना रोटाव्हायरसची हगवण होते. पार्वो वरवर तशीच दिसते, पण मार वेगळ्या ठिकाणी बसतो. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी त्यांच्यातून शोषले जाते. या उंचवट्यांच्या मुळाशी सतत नव्या पेशी तयार होतात आणि वर सरकत जातात. रोटाव्हायरस वरच्या टोकाच्या तयार पेशी मारतो. म्हणजे बांधीत उभे असलेले पीक वरून खुडले जाते, पण पऱ्हे शाबूत राहतात आणि पुन्हा रोवणी होते. पार्वोला विभाजन होणाऱ्या पेशीच लागतात, म्हणून तो थेट पऱ्ह्यांवर घाला घालतो. नवी पेशी तयारच होत नाही, आतड्याची आतली भिंत उघडी पडते, रक्त झिरपते आणि आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात. विभाजन होणाऱ्या पेशींचे दुसरे मोठे कोठार म्हणजे अस्थिमज्जा. तिथेही त्याच वेळी मार बसल्याने, जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या तेव्हाच कमी पडतात. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाची जी अवस्था आम्ही वॉर्डात पाहतो, तीच या दीड-दोन किलोच्या जीवाची असते. म्हणून अँटिबायोटिकचा जेवढ्या दिवसांचा कोर्स लिहून दिला असेल, तेवढे दिवस तो द्यायचाच. पिल्लू उड्या मारू लागले म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणारे पालक मला माणसांच्या ओपीडीतही रोज भेटतात.

उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले मरतात, वेळेवर मिळाला तर बहुतेक वाचतात. मधला फरक मुख्यतः पाणी, क्षार आणि साखर शरीरात टिकवण्याचा आहे. मोठे श्वानरुग्णालय जवळ नसेल तर काय, याचे एक उत्तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने शोधले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० आजारी कुत्री होती. सगळ्यांना सुरुवातीला शिरेतून सलाईन दिले. त्यानंतर २० जणांना भरती ठेवून पूर्ण उपचार केले. उरलेल्या २० जणांना घरी ठेवल्यासारखे ठेवून त्वचेखाली सलाईन, उलटीचे इंजेक्शन आणि दीर्घकाळ टिकणारे अँटिबायोटिक दिले. पहिल्या गटातली १८ वाचली, दुसऱ्यातली १६. ज्यांना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हा आकडा दिलासा देणारा आहे. मात्र ‘घरी उपचार’ म्हणजे काही न करता वाट पाहणे नव्हे, हे त्यातून नीट वाचून घ्यावे. तिथेही सुई, वजन आणि तपासणी रोज होती.

थोडे, पण सारखे

हगवणीत पोटाला आराम द्यावा, ही समजूत आपल्याकडे माणसांबाबतही अजून गेलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी २००३ मध्ये पार्वोच्या कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. एका गटाला उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवले, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीने पातळ आहार दिला. खाऊ घातलेली कुत्री लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. आतड्याच्या पेशींना बरेचसे पोषण आतड्यातल्या अन्नातूनच मिळते. उपाशी आतडे दुरुस्त व्हायला वेळ लावते. हगवण लागलेल्या बाळाचे स्तनपान थांबवू नका, असे आम्ही आईला सांगतो, त्याचेही एक कारण हेच.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस दर तीन तासांनी चमचा-दोन चमचे, एवढेच. मऊ शिजवलेला भात दोन भाग आणि कातडी काढून उकडलेल्या, बारीक कुसकरलेल्या चिकनचा एक भाग. मीठ, तिखट, तेल, हळद काहीही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्या घरचा रस्सा त्यांच्याशिवाय होत नाही. म्हणून ताटातला उरलेला भात कालवून घालणे बंद. मांसाहार न करणाऱ्या घरात काय द्यावे, ते पशुवैद्यकाला विचारा. आजारी पोटासाठीचे तयार खाद्य दुकानात मिळते, ते महाग असले तरी सोयीचे. खाणे टिकले, उलटी झाली नाही, तर रोज थोडे वाढवत चार-पाच दिवसांत पूर्ण आहारावर आणावे. भात-चिकनवर महिनाभर ठेवू नका. वाढत्या हाडांना लागणारे कॅल्शियम त्यात पुरेसे नसते. शौच बांधून होऊ लागले की नेहमीचे पिल्लांचे खाद्य थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदल पूर्ण करा.

दूध देऊ नका. हे वाक्य मला दोनदा लिहावेसे वाटते, कारण ‘अशक्त झालंय, दूध पाजा’ हा सल्ला देणारे घरात नेहमी कोणीतरी असते. दुधातली साखर पचवणारे रसायन आतड्याच्या त्याच पेशींच्या टोकाला असते, ज्या आता नाहीत. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि थांबलेली हगवण पुन्हा सुरू होते. मुलांमध्ये गंभीर हगवणीनंतर काही काळ हेच होते.

ओआरएसबद्दल. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण सांभाळले. साखरेबरोबर मीठ आणि त्यामागून पाणी आत खेचले जाते, ही आतड्याची युक्ती कुत्र्यातही चालते. त्यामुळे उलटी पूर्ण थांबलेली असेल आणि पशुवैद्यकांची हरकत नसेल, तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवलेले ओआरएस वाटीतून थोडे थोडे पिऊ द्यायला हरकत नाही. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकायचे. मात्र उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने जबरदस्तीने पाणी ढकलू नका. ते श्वासनलिकेत जाते, आणि पार्वोतून वाचलेले पिल्लू न्यूमोनियाने जाते.

पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो. दोन जेवणे चुकली की ते गळाल्यासारखे होते, डुलते, कधी झटके येतात. अशा वेळी बोटावर मध किंवा साखरेचा घट्ट पाक घेऊन हिरड्यांना चोळायचा आणि तसेच दवाखान्यात न्यायचे. थंडीचेही तेच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ओसरीवर बांधलेले अशक्त पिल्लू पहाटेपर्यंत गारठते. कोरडे बारदान, त्यावर जुने लुगडे, शेजारी कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, एवढे पुरते. धानाची तणस अंथरली तर ती नंतर जाळून टाका.

घरातला किराणा तोलायचा काटा या काळात उपयोगी पडतो. रोज सकाळी एकाच वेळी पिल्लाला पिशवीत घालून वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. वजन दोन दिवस सलग घटले तर डोळ्यांना पिल्लू कितीही बरे दिसो, फोन करा. शौच आठवडाभर मऊ राहिले तर घाबरू नका. पण त्यात ताजे रक्त किंवा डांबरासारखा काळेपणा दिसणे, थांबलेली उलटी पुन्हा सुरू होणे, हिरड्या पांढुरक्या किंवा कोरड्या-चिकट लागणे, पोटाला हात लावताच कळवळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. जोरात चाललेल्या आतड्याचा एक भाग कधी कधी दुसऱ्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरतो. मग गोळ्यांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

घरच्या औषधांच्या डब्याकडे हात नेऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही आपल्याला साधी वाटणारी औषधे कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला आणि जठराला महागात पडतात, आणि सोललेल्या आतड्यावर तर अधिकच. हगवण थांबवणारी गोळीही नको. आतड्याची हालचाल बंद केली की जीवाणू आणि त्यांची विषे आतच कोंडली जातात. पशुवैद्यक स्वतः माणसांची काही औषधे वापरतात, हे खरे आहे. पण त्यांचा डोस किलोवर बेतलेला असतो, ‘मुलाच्या अर्धा’ असा नसतो.

फिनाइलचा वास आणि पार्वो

पार्वोचा कण जेमतेम २५ नॅनोमीटरचा असतो आणि त्याच्यावर चरबीचे आवरण नसते. कोरोनाला ते होते, म्हणून साबण आणि सॅनिटायझरने तो विरघळत असे. करोनाच्या दोन वर्षांत शिकलेला सॅनिटायझरचा धडा इथे उपयोगाचा नाही. फिनाइलने वास जातो, विषाणू जात नाही. साबण-पाण्याने हात धुवायचे ते विषाणू मारण्यासाठी नव्हे, हातावरून वाहून जावा म्हणून, आणि तेवढे पुरते.

त्याला मारते ते क्लोरीन. साधारण पाच टक्क्यांचे बाटलीतले ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग. बाटली नसेल तर विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, ताजी आणि हवाबंद ठेवलेली, एक लिटर पाण्यात सहा-सात ग्रॅम. फरशी, भांडी, साखळी, दाराचा उंबरा आधी साबणाने घासून स्वच्छ करा, मग हे पाणी लावून किमान दहा मिनिटे ओले राहू द्या आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. हा क्रम महत्त्वाचा, कारण घाण राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होते. पिल्लाला त्या वेळी दुसरीकडे ठेवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून निघणारा वायू फुप्फुसे जाळतो.

पण नागऱ्यासारख्या गावात अंगण शेणाने सारवलेले असते. तिथे ब्लीचचे काही चालत नाही. शेण आणि माती दोन्ही त्याला गिळून टाकतात. मग काय करायचे? पिल्लू बसत होते तिथली वरची माती खरवडून खोल पुरा, ती जागा दिवसभर ऊन लागेल अशी उघडी ठेवा आणि तिथे दुसरे पिल्लू बांधू नका. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन या कामी मोठे मदतनीस आहे. सावलीत, ओलाव्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात मात्र हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो.

आजारी पिल्लाच्या विष्ठेत विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते, आणि बरे झाल्यावरही साधारण दोन आठवडे ते बाहेर पडत राहतात. म्हणून बरे वाटू लागल्यापासून किमान दोन आठवडे, जमल्यास महिनाभर, पिल्लाला गल्लीत सोडू नका. विष्ठा उकिरड्यावर किंवा नालीत टाकू नका, तिथे गावभरची कुत्री फिरतात. खोल खड्डा करून पुरा. त्याच्या जागेत जाताना वेगळी चप्पल घाला. कुत्र्याला कुत्रा न भेटताही रोग जातो तो बहुतेक वेळा माणसाच्या पायांनीच. केसांना चिकटलेला विषाणू जावा म्हणून पिल्लात ताकद आल्यावर एकदा कोमट पाण्याने आंघोळ घालून लगेच कोरडे करा.

हे सगळे गावातल्या कुत्र्यांपुरतेच नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती अनिरुद्ध बेलसरे आणि अबी तमीम वनक यांनी गावकुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्त तपासले होते. बहुतेक कुत्र्यांना पार्वो आणि डिस्टेंपर होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या आणि खोकडांमध्येही या रोगांचा संसर्ग आढळला. आपल्या जिल्ह्यात नागझिरा आहे, आणि नागझिऱ्याची ओळख रानकुत्र्यांमुळे आहे. जंगलाकाठच्या गावात मेलेले पिल्लू रानाच्या कडेला फेकून देण्याची पद्धत म्हणूनच मला धोक्याची वाटते.

माणसांना काय लागते, काय नाही

कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. माणसांचा एक वेगळा पार्वोविषाणू आहे, बी१९ नावाचा, १९७५ मध्ये सापडलेला. त्याने मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात. तो कुत्र्याकडून येत नाही, कुत्र्याकडे जातही नाही. तापाने फणफणलेल्या मुलीचे कारण पिल्लात शोधू नका, डास आणि पाण्यात शोधा.

पण पिल्लाकडून दुसरे काही येऊ शकते. बहुतेक गावठी पिल्लांच्या पोटात गोल जंत आणि आकडीजंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून मुलांच्या तोंडात जातात, आणि आकडीजंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीखाली नागमोडी रेषा काढत फिरतात. पिल्लाला पशुवैद्यकाच्या वेळापत्रकाने जंताचे औषध द्या आणि मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावा.

रेबीजबद्दल मी कडकच बोलतो. पार्वोच्या गडबडीत पिल्लाच्या सगळ्या लसी पुढे ढकलल्या जातात, आणि तीन महिन्यांच्या वयाला द्यायची रेबीजची लस विसरली जाते. पिल्लू चावले तर काही होत नाही, त्याचे दात दुधाचे आहेत, असे सांगणारे लोक मला अजून भेटतात. रेबीज पिल्लालाही होतो आणि पिल्लाकडूनही होतो. औषध पाजताना दात लागला, ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या. लस तिथे मोफत मिळते. आणि रस्त्यावरून आणलेले पिल्लू खात नाही, लाळ गाळते, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर पार्वो समजून त्याच्या तोंडात हात घालू नका.

एक इंजेक्शन दिले होते, तरी पार्वो कसा झाला? ही तक्रार पशुवैद्यकांना रोज ऐकावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात काही आठवडे राहतात आणि लसीतला विषाणू वाया घालवतात. ती उतरत जातात तेव्हा मध्ये काही दिवस असे येतात, की रोग रोखण्याइतकी ती नसतात, पण लस निष्प्रभ करण्याइतकी असतात. हे दिवस प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर द्यायचा असतो. जे पिल्लू पार्वोतून वाचले, त्याला पार्वोविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस आणि रेबीजविरुद्ध मात्र काहीही मिळालेले नसते. पूर्ण बरे झाल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी लस सुरू करायची ते पशुवैद्यक ठरवतील.

जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पार्वोतून वाचलेल्या ७१ कुत्र्यांच्या मालकांना पुढच्या आयुष्याबद्दल विचारले. ४२ टक्के कुत्र्यांना नंतरही दीर्घकाळ पोटाच्या तक्रारी होत्या. पार्वो न झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. तेव्हा वर्ष-दोन वर्षांनी तुमच्या कुत्र्याचे पोट वरचेवर बिघडू लागले, तर जुन्या आजाराची चिठ्ठी सोबत न्या.

आणि जे पिल्लू वाचले नाही त्याच्या घरी, मुले रडतात म्हणून पुढच्याच आठवड्यात दुसरे आणायची घाई होते. त्या अंगणात वर्षभर तरी लसी पूर्ण न झालेले पिल्लू आणू नका. आणायचेच असेल तर सगळे डोस घेतलेले, थोडे मोठे कुत्रे आणा.